चंद्रीवर स्वार मीच

चैत्र शु. ३, शनिवार
चि. दत्ताने हॉटेलापुढे नवा फलक लावला : ‘मासवडी थाळी. घोडेसवारी. फोटो.’ हायवेवरील पाहुणे थांबावेत, हा हेतू. घोडी माझी, मला विचारले नाही. चंद्री यात्रेत बैलगाड्याच्या पुढे शर्यतीचा घाट चढते. तिच्या मागे बैल झेपावतात. पोरांना पाठीवर घेऊन रांगण्यासाठी ती नाही. ‘घोडेसवारी’वर चुना फासला. मासवडी राहू दिली. ती खरी आहे.

शु. ५, सोमवार
पुण्याचे कुटुंब आले. “आजोबा, एक राउंड केवढ्याला?” मी म्हणालो, “ही घोडी पौर्णिमेला घाटात पाहावी. तूर्त आत जाऊन मासवडी खावी.” मंचरपर्यंत चार ठिकाणी खाऊन पाहिली आहे. एकीकडे सारणात तीळ नाहीत, दुसरीकडे रस्सा म्हणजे पाणी. उरलेल्या दोहोंविषयी लिहीत नाही. सौ. सूनबाईंच्या हातची सर कोणास नाही. (त्यांना सांगितलेले नाही.)
दत्ता : “अण्णा, गिऱ्हाईक बोलावताय का हाकलताय तुमी?”

शु. ८, गुरुवार
गाडामालक बबनराव आले. “अण्णा, घोडी द्या. स्वार आमचा बसंल. वय झालं राव तुमचं.”
“घोडी मिळेल ती माझ्यासह. नाहीतर बैलांपुढे तुम्ही धावा.”
सूनबाई आत हसल्या. अखेर रविवारी सरावाची एक फेरी ठरली. बसून राहिलो, तर यात्रेतही मीच.
दत्ता म्हणाला, “आन् पडला, तर चंद्री कायमची हाटेलापुढं.”
कबूल केले. बहात्तराव्या वर्षी शब्द फिरविणार नाही.

शु. ११, रविवार
चंद्री सुटली. मागे बैल. लगाम सैल, नजर पुढे. घाट संपेपर्यंत तोल ढळला नाही. बबनराव टोपी उडवीत ओरडले, “म्हातारं लई खट हाय!”
पुढील गोष्ट फक्त येथे. माथ्यावर गुडघे वळेनात. उतरता येईना. शेजारचे शेत पाहत असल्याचे दाखवून बसून राहिलो.
बबनरावांनी विचारले, “काय बघताय, अण्णा?”
“कांदा.”
“काढून आठ दिस झालं की त्यो!”
तेवढ्यात दत्ता आला. खांदा पुढे केला. त्यावर भार देऊन उतरलो. घरी त्याने कोणास सांगितले नाही. मीही.

पौर्णिमा, गुरुवार, सकाळ
आज यात्रा. चंद्रीला खरारा केला. फलकावरील चुना तसाच आहे. दत्ताने वर पुन्हा लिहिलेले नाही. “यात्रा झाली की बघू,” म्हणतो. बघूच. सूनबाईंनी मासवडी बांधून दिली. उत्तम होते तुमची, असे आज बोलून गेलो.
दत्ताने हॉटेलातील उंच स्टूल टेम्पोत ठेवले आहे. कशासाठी, हे विचारले नाही.
आमचा गाडा सातवा. चंद्री आताच खूर आपटते आहे.