कोंडीबाची हळद आणि माझं मार्गदर्शन

१६ ऑगस्ट, सकाळी
काल झेंडावंदन झाल्यावर ग्रामपंचायतीसमोर ठरलं. बचत गटाच्या बाया गावात मोबाईल शिकायचा वर्ग काढून राहिल्यात. रोज संध्याकाळी सहा ते सात, विहाराशेजारच्या सभागृहात. फी नाही. ज्याला जे येतं ते त्यानं दुसऱ्याला दाखवायचं, अशी राणीची कल्पना. राणी म्हणजे गटाची सचिव. हुशार आहे, पण वय तिशीच्या आतलं. अनुभवी माणूस डोक्यावर नसला तर अशी कामं महिनाभरात बसतात.
मी हात वर केला. एकतीस वर्षं कळमनुरीच्या बसस्टँडवर कंट्रोलर होतो. माईक, वायरलेस आणि टेलिफोन एकाच वेळी सांभाळले. मोबाईल म्हणजे हेच तिन्ही एका डबीत.
राणी म्हणाली, या की काका, शिकायला सगळेच या.
शिकवायला म्हणाली असणार. मागं लाऊडस्पीकर चालू होता.

१७ ऑगस्ट
निश्चय: रोज पावणेसहाला हजर. कोणाच्या अज्ञानाला हसायचं नाही. मनकर्णालाही न्यायचं. मार्गदर्शकाचीच बायको अडाणी राहिली तर बरं दिसत नाही.
दिवसभर भाषण लिहिलं. ‘मोबाईल : इतिहास, स्वरूप व जबाबदारी’. नऊ पानं. फोन उघडायचा आकडा शीतलनं (मुलगी, पुण्याला असते) चिठ्ठीवर लिहून दिला होता. चिठ्ठी कव्हरमध्ये ठेवली आहे. सुरक्षेच्या दृष्टीनं.

१८ ऑगस्ट, जेवणाआधी
पहिला वर्ग. बावीस जण. सतरंज्या होत्या. खुर्ची एकच होती, ती मी घेतली.
भाषणाच्या चौथ्या पानावर पद्माबाई उठल्या. चौसष्ट वय, रोजानं शेतात जातात, फोन बटव्यात ठेवतात. म्हणाल्या, भाऊ, तुमचं समदं बराबर हाय, पण आवाज मोठा कुठून व्हतो?
ते पुढच्या भागात येईल असं सांगितलं. राणीनं मधेच त्यांना कडेचं बटण दाखवलं. मग सगळ्याच बाया बटणं दाबत सुटल्या. सभागृहात बावीस रिंगटोन. उरलेली पाच पानं राखून ठेवली.

२० ऑगस्ट
दोन दिवस एकही फोन नाही, एकही मेसेज नाही. एरवी कोणी ना कोणी सतावत असतं. मी आता गावासाठी काम करतो आहे हे लोकांच्या लक्षात आलेलं दिसतं. माझ्या वेळेची कदर होऊ लागली.

२१ ऑगस्ट
शीतलनं मनकर्णाच्या फोनवर फोन केला. बाबांचा काहून लागत नाही म्हणून रडकुंडीला आली होती म्हणे. मनकर्णानं माझा फोन पाहिला. म्हणाली, आवो, वर इमानाचं चित्र हाय, काढू का? मी म्हणालो, हात लावू नको, ते कंपनीचं असतं.
तिनं काढलं. लगेच शीतलचे अकरा मेसेज आले. योगायोग.

२६ ऑगस्ट
काल राणीनं बोलून लिहायला दाखवलं. आपण बोलायचं, फोन लिहितो. मला नवीन नाही. माझं बोलणं एकतीस वर्षं लोक लिहूनच घेत होते. आज सकाळी वर्गाच्या ग्रुपवर सूचना टाकली : ‘वर्गाला वेळेवर या, चपला बाहेर काढा.’
संध्याकाळी पद्माबाई चकल्यांचा डबा घेऊन आल्या. आणखी तिघी आल्या. ग्रुपवर ‘चकल्या बाहेर काढा’ असं गेलं होतं. उच्चार माझा स्पष्टच होता, फोन मराठवाड्याचा नाही.
चार खाल्ल्या. चांगल्या होत्या. शिस्तीचा प्रश्न वेगळा.

२ सप्टेंबर
वर्गाची प्रगती समाधानकारक. पद्माबाई आता गॅसचा नंबर स्वतः लावतात. मनकर्णा शीतलशी रोज चेहरा बघून बोलते. कालपासून राणीनं तिला नव्या बायांना शिकवायला बसवलं. माझ्या घरातल्या वातावरणाचा परिणाम. मी तिला एकदाही काही शिकवलं नाही, तरी हे झालं, यावरून वातावरण किती प्रभावी असेल.
मी खुर्चीवरून देखरेख करतो. हल्ली मला कोणी फारसं विचारत नाही. शंका उरलेल्या नसाव्यात.

५ सप्टेंबर
महत्त्वाचं काम आलं. शेतातल्या उभ्या पिकाची नोंद मोबाईलवरून करायची आहे. स्वतःच्या शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि पाठवायचा. शेवटची तारीख वीस. नोंद नसली तर सातबाऱ्यावर पीकच दिसत नाही, मग नुकसान झालं तरी ते कोणाचं आणि कशाचं, हे सांगत बसायची वेळ.
गटानं यादी केली. एकेकीनं एकेका शेतकऱ्याबरोबर जायचं. कोंडीबाच्या नावापुढं पद्माबाईंचं नाव होतं. कोंडीबा माझा शेजारी, पहिलीपासूनचा सोबती. अडीच एकर हळद, ओढ्याच्या कडेला. एकटाच राबतो. मी तिथंच सांगितलं, कोंडीबाचं मी बघतो.
राणी म्हणाली, काका, आधी एखाद्या शेतात माझ्यासंगं चला, कसं करायचं ते बघा, मंग त्यांचं करा.
मी म्हणालो, गरज नाही. पद्माबाईंचं नाव मी माझ्या पेननं खोडलं.

७ सप्टेंबर, दुपारी
कोंडीबाची नोंद पूर्ण.
सकाळी आठला बांधावर. हळद कमरेएवढी, हिरवीगार. कोंडीबानं फोन माझ्या हातात दिला तो दोन्ही हातांनी, देवाचा प्रसाद द्यावा तसा. अ‍ॅपनं तीनदा काही विचारलं. तिन्हीदा हो म्हणालो. सरकार विचारतं तेव्हा नाही कशाला म्हणायचं.
फोटो काढताना दर वेळी माझाच चेहरा येत होता. थोडा विचार केल्यावर कळलं, नोंद कोण करतो त्याची ओळख आधी लागत असणार. कंट्रोलरच्या सहीशिवाय गाडी सुटत नाही, तसंच. कोंडीबा मान वाकडी करून बघत होता. म्हणला, कंट्रोलर, ह्याच्यात हळद कुठं हाय?
मी माझ्या कानामागं दाखवली. चार पानं स्पष्ट दिसत होती.
अकरा फोटो काढले. शेवटच्यात टोपी काढली. बटण दाबलं, एक चक्र बराच वेळ गोल फिरलं आणि थांबलं. मी म्हणालो, झालं.
कोंडीबानं हात जोडले. काही बोलला नाही. उपकाराखाली माणूस मुका होतो.

१३ सप्टेंबर
तीन दिवस पाऊस. ओढा भरून वाहिला. डोंगरकडा गावाकडचा रस्ता काल अर्धा दिवस बंद. कोंडीबाच्या खालच्या अंगाच्या हळदीत गुडघाभर पाणी उभं आहे. पंचनामे होणार म्हणतात. त्याला धीर दिला, की तुझी नोंद आहे, तू निर्धास्त राहा. तो व्हय म्हणला.

१५ सप्टेंबर
राणीनं वर्गात नोंद झालेल्यांची यादी वाचली. कोंडीबाचं नाव नाही. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं, प्रक्रिया चालू आहे. आभाळ भरलेलं असलं की उपग्रहाला खालचं दिसत नाही.
राणीनं कोंडीबाला विचारलं, काका, मी येऊन बघू का? तो म्हणला, नगं, कंट्रोलर करून राहिलेत.
भरवसा. हा यादीत मोजता येत नाही.
निश्चय: उद्या सकाळी शेतात जाऊन खात्री करायची.

१६ सप्टेंबर
गुडघा.

१७ सप्टेंबर
गुडघा ठीक. पण झेंडावंदन. मराठवाडा मुक्तिदिनाला गावात हजर राहणं आवश्यक. नंतर ऊन फार.

१८ सप्टेंबर
निघालो होतो. फोन चार्जिंगला लावायचा राहिला होता. तसाही फोन कोंडीबाचा लागतो, माझा नाही, हे वाटेत आठवलं. परत आलो.

१९ सप्टेंबर, सकाळी दहा
कोंडीबा ओट्यावर येऊन बसला. बराच वेळ पावसाचंच बोलला. उठता उठता म्हणला, उद्या शेवटचा दिस हाय म्हणत्यात. तुमी झालं म्हणले, तं झालंच असंल. पर पोरगी सासरहून इचारून राहिली, नोंद झाल्याचा मेसेज आला का.
मी म्हणालो, येईल. असे मेसेज उशिरा येतात.
तो बरं म्हणून गेला. पायात चिखल होता, खालच्या शेतातून आला असावा. चहा अर्धा टाकला होता.
मनकर्णा दारात उभी होती. म्हणाली, काहून खोटं बोलले तुमी त्याच्याशी?
मी सांगितलं, हे खोटं नाही, धीर देणं आहे. तिनं फोन घेतला आणि राणीच्या घराकडं गेली. स्वयंपाक झालेला नव्हता.
पेपर उघडला. एकच बातमी चारदा वाचली.

२० सप्टेंबर, दुपारी बारा
सकाळी स्वतःच निघालो. ठरवलं होतं, कोंडीबाच्या फोनवर परत एकदा सगळं करायचं, कोणाला न सांगता.
बांधाजवळ गेलो तर शेतात माणसं. राणी, पद्माबाई आणि मनकर्णा, बांधावर कोंडीबा. तिघी बाया पोटरीपर्यंत चिखलात. मनकर्णानं पदर खोचला होता. मी बाभळीमागं थांबलो. लपलो नाही, सावलीला थांबलो. आभाळ होतं.
मनकर्णा कोंडीबाच्या फोनवरचं एकेक अक्षर मोठ्यानं वाचत होती. चौथीपर्यंत शिकलेली आहे. तिला इतकं सलग वाचताना मी कधी ऐकलं नव्हतं. पद्माबाईंनी फोन हळदीसमोर धरला. एकदाच दाबला.
मग राणीनं जुने फोटो उघडले असावेत. तिघी वाकून बघत राहिल्या. हसतील म्हणून मी अंग चोरलं. कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.
राणी म्हणाली, काढून टाकू का? पद्माबाई म्हणाल्या, ऱ्हाऊ दे. मानसाचे हायेत.
थोड्या वेळानं कोंडीबाचा फोन वाजला. राणीनं वाचून दाखवलं, नोंद झाली. कोंडीबा बांधावरच मटकन बसला. टॉवेलनं तोंड पुसत राहिला, पाऊस नसताना.
मी आडवाटेनं घरी आलो. मनकर्णा आली तेव्हा पेपर वाचत होतो. तिनं पाय धुतले, भाकरी टाकली, वाढलं. तिला काय सांगायचं ते तयार नव्हतं.

२१ सप्टेंबर, संध्याकाळी
कोंडीबाकडं गेलो. वाटेत तीन कारणं तयार केली: रेंज, ढग, आणि फोनचं मॉडेल जुनं. पहिलं कारण सुरू केलं आणि मधेच थांबलो. तो दावं वळत होता, वर न बघता ऐकत होता.
म्हणालो, कोंडीबा, त्या दिवशी माझ्याकडून झालं नव्हतं.
तो म्हणला, ठावं हाय.
विचारलं, कधीपासून?
म्हणला, त्याच दिशी. माझे डोळे अजून बरे हायेत. हळदीचा फोटो म्हणून तुमचं थोबाड जाऊन राहिलं, हे मला दिसंना व्हय?
मग बोलला का नाहीस, अडीच एकराचा प्रश्न होता. मी जरा जोरातच विचारलं असावं.
तो म्हणला, तुमाला वाईट वाटलं असतं. बायांसमोर. तुमी टोपी काढून एवढं मन लावून करून राहिले होते.
तेरा दिवस. त्यात पाऊस पडला, पाणी शिरलं, पोरीचे फोन आले. राणी स्वतः येते म्हणाली, तर माझ्यासाठी नको म्हणला. आणि ७ तारखेला त्यानं हात जोडले त्याबद्दल मी या वहीत काय लिहून ठेवलंय ते आत्ता वाचलं. पान फाडणार होतो. मागच्या बाजूला औषधांच्या वेळा आहेत, म्हणून राहू दिलं.

२२ सप्टेंबर
वर्गाला गेलो. सहा वाजून पाच मिनिटांनी. खुर्चीवर गटाच्या वह्या ठेवल्या होत्या. उचलायला राणी उठली, मी राहू दे म्हणालो. सतरंजीवर बसलो. गुडघा खरंच दुखतो.
राणीनं विचारलं, कोणाला काही अडचण? नेहमीप्रमाणं दोन-तीन हात वर झाले. माझा चौथा. मी विचारलं, कॅमेरा समोरच्याकडं कसा वळवायचा.
मनकर्णानं मान खाली घातली. राणी काही बोलणार तेवढ्यात पद्माबाई सरकत माझ्याशेजारी आल्या. चष्मा वर केला, माझा फोन माझ्याच हातात राहू दिला आणि बोट दाखवलं. हे दोन बाण हायेत ना भाऊ, त्यायला शिवा. दाबू नका. शिवा.
शिवलो. माझा चेहरा गेला आणि सतरंजी दिसली, पुढं राणीची वही, कोणाच्या तरी पायातलं जोडवं. फोटो काढायला गेलो तर बोट घसरलं आणि परत मीच आलो. पुन्हा शिवलो. फोन बंद झाला. चिठ्ठी काढून आकडा बघावा लागला, सगळ्यांसमोर.
पद्माबाई म्हणाल्या, घाई नगं, मला हे जमायला चार दिस लागले.
मी आठ धरून चाललो आहे.