आऊट नसलेला खेळ

३ नोव्हेंबर, सोमवार

सातवीच्या खेळाच्या तासाला आज निम्मा वर्ग पायऱ्यांवर. एकाचं पोट, एकीचा पाय, दोघांचे बूट घरी. पोटवाल्याला विचारलं, नेमकं कुठे दुखतंय, तर त्याने उत्तरासाठी शेजारच्याकडे बघितलं. असली नाटकं मला नवी नाहीत. माझी उमर गेली शिट्टी फुंकण्यात.

पायऱ्यांवर एक मुलगी कायमची असते. सगळा वर्ग तिला मावशी म्हणतो, कारण खेळणाऱ्यांचे चष्मे, घड्याळं, पाण्याच्या बाटल्या सगळं तिच्या ताब्यात. आज तिच्यावरच उखडले. म्हटलं, बाईसाहेब, तुमचं काय दुखतंय?

ती अगदी शांतपणे म्हणाली, "काही नाही बाई. पकडापकडीत मी पहिलीच आऊट होते. शेवटी बसायचंच असतं, मग आधीच बसते."

मी नुसती मान डोलावून मैदानाकडे वळले. मी! जिच्या तोंडाला शाळेतला शिपाईसुद्धा घाबरतो!

४ नोव्हेंबर

डोक्यातून जातच नाही ते. जिला पळायची सगळ्यात जास्त गरज, ती पहिल्या झटक्यात आऊट. मग उरलेला तास टाळ्या वाजव. आणि जी पोरं एरवीही जिन्यावरून उड्या मारत उतरतात, ती शेवटपर्यंत पळतात. म्हणजे मी खेळाचा तास घेते की बसायचा?

नवऱ्याला सांगितलं. तो कांदा चिरत होता. म्हणाला, "मला शाळेत नेहमी अंपायर करायचे. मला वाटायचं, मान देतात." आणि हसला. मला काही हसू आलं नाही.

५ नोव्हेंबर

ठरलं. आऊट बंद.

६ नोव्हेंबर, गुरुवार

नवा खेळ मांडला. मैदानाचे चार कोपरे, चार संघांची चार घरं. मधे सगळे चेंडू — फुटके, पंक्चर झालेले, टेनिसचे, जे हाताला लागले ते. पळत जायचं, एक चेंडू उचलायचा, आपल्या घरी आणायचा. मधले संपले की दुसऱ्यांच्या घरातले पळवायचे. वाटेत दुसऱ्या संघाच्या कोणी शिवलं तर चेंडू त्याला द्यायचा, आपल्या घराला हात लावायचा आणि पुन्हा खेळात यायचं. बसायचं नाही. कोणीच नाही, कधीच नाही.

मावशी चष्मे सोडायला तयार नव्हती. शेवटी एक खोकं आणून कोपऱ्यात ठेवलं, म्हटलं, हे सांभाळेल, तू चल. आधी नुसती चालत होती. शिवली गेली, परत गेली, आली, पुन्हा शिवली गेली. मग मला वाटतं तिला राग आला. तासाच्या शेवटी तिचा चेहरा लालबुंद आणि काखेत पंक्चर झालेला फुटबॉल!

पायऱ्या रिकाम्या होत्या. फक्त पोटवाला होता, आणि त्याचं आज खरंच दुखत होतं बिचाऱ्याचं.

१० नोव्हेंबर

आज सगळे बूट घालून हजर. सगळे! पोटवाला तर सगळ्यात पुढे. घंटा कधी झाली, ना त्यांना कळलं ना मला.

१३ नोव्हेंबर

आजही तेच, आणि आता भोगा. शाळा सुटल्यावर मोठ्या बाईंचं बोलावणं आलं. मुख्याध्यापिका म्हणून त्या चांगल्या आहेत, पण बोलावणं आलं की मी आधी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकते. गणिताचे सर आधीच बसलेले. आमच्यानंतर त्यांचा तास. लागोपाठ तीनदा वर्ग उशिरा आला, घामाने निथळत आला, आणि अपूर्णांक शिकवताना मागच्या बाकांवर चेंडूंचे हिशेब चालू होते. हे सगळं इतकं नम्रपणे सांगितलं त्यांनी, की भांडायचीही सोय ठेवली नाही.

मोठ्या बाईंचं म्हणणं, पोरं गणितात मागे आहेतच, तेव्हा पुढच्या सत्रापासून खेळाचे दोन्ही तास सरांना देऊन टाकावेत. मी तडातडा बोलले. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या ऐकून घेतात, हा त्यांचा मोठेपणा. मग म्हणाल्या, एक डिसेंबरला संस्थेचे अध्यक्ष शाळा बघायला येणार आहेत. त्यांना तुमचा तास दाखवते. सगळी मुलं खेळताना दिसू देत आणि घंटा झाल्यावर थांबताना दिसू देत. नाही थांबली, तर तास सरांचे.

घरी येताना बसमध्ये डोक्यात प्रकाश पडला. पूर्वी सगळे आऊट झाले की खेळ आपोआप संपायचा. मी आऊट काढून टाकलं आणि खेळ संपायचा कसा, हे ठरवायलाच विसरले. शहाणी मी!

१७ नोव्हेंबर

शिट्टी फुंकून फुंकून कानठळ्या बसल्या. माझ्याच. पोरं आपली पळताहेत. "बाई, एकच शेवटचा!" प्रत्येकाचा एकच शेवटचा. ओरडले तेव्हा थांबली, पण तोंडं अशी पाडून, की त्यापेक्षा न थांबलेली बरी. अध्यक्षांसमोर ओरडू का आता?

२० नोव्हेंबर

आज खेळाआधी सगळ्यांना गोल बसवलं आणि जसं आहे तसं सांगितलं. तास जाणार आहेत. घंटेला थांबलात तर राहतील. मला उपाय सापडत नाही, तुम्ही सांगा. मुलांपुढे असं कधी बोलले नव्हते. लाज वाटेल असं वाटलं होतं, तशी वाटली नाही.

सूचनांचा पाऊस. दोरी बांधा, भोंगा आणा, दंड करा. उशिरा थांबेल त्याला पुढच्या वेळी बसवा, असंही एक जण म्हणाला. पोटवाल्याने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने सूचना मागे घेतली.

मग मावशीने हात वर केला. तिचं म्हणणं असं — घंटेला खेळ संपवायचाच नाही. घंटा झाली की खेळाचा दुसरा भाग सुरू. आपापल्या घरातले चेंडू चेंडूंच्या खोक्यात टाकायचे आणि वर्गाच्या दारात पोचायचं. जो संघ आधी पूर्ण पोचेल तो जिंकला. एक जरी मागे राहिला तर बाकीचे पोचले असं धरायचं नाही. "मग पुढे पळणाऱ्यांना मागे यावंच लागेल, बाई," म्हणाली. इतकी वर्षं पायऱ्यांवर बसून ही पोरगी बाटल्याच नुसत्या सांभाळत नव्हती तर!

२४ नोव्हेंबर

फजिती. मागच्यांना आणायचं म्हणजे कॉलर धरून ओढायचं, असा अर्थ काढला पोरांनी. एक शर्ट फाटला, एक गुडघा जिन्यावर सोलला. दवाखान्याच्या खोलीत मीच मलम लावलं. गुडघेवाला विचारतो, आपला संघ जिंकला का?

नवा नियम — हात लावायचा नाही आणि जिन्यावर पळायचं नाही. पळाल तर खालच्या पायरीपासून पुन्हा. आता वेळ उरला नाही. तरी मागे हटणार नाही, सांगून ठेवते. कोणाला सांगतेय? वहीला.

२७ नोव्हेंबर

जमलं!! आज गणिताचे सर वर्गावर पोचले तेव्हा चारही संघ दाराबाहेर उभे. सरांनी घड्याळ बघितलं, मग घड्याळ हलवून कानाला लावलं. हसू दाबताना माझी पुरेवाट झाली.

१ डिसेंबर

अध्यक्ष खुर्चीत बसायला तयार नाहीत, कडेकडेने फिरत राहिले. मोठ्या बाई त्यांच्या मागे. मी शिट्टीला हातसुद्धा लावला नाही. घंटा झाली. आणि चेंडू धडाधड खोक्यात! जिन्यावर मावशीचा संघ सगळ्यात मागे. ती धापा टाकत होती. शाळेतला सगळ्यात जोरात पळणारा मुलगा तिच्याबरोबर एकेक पायरी चढत होता आणि तिला काहीतरी विनोद सांगत होता. हरले ते. दोघं हसत हसत हरले.

अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. गणिताच्या सरांनीही. मला रडू फुटलं, मग चेंडू मोजायचं सोंग केलं.

२ डिसेंबर

मोठ्या बाईंनी बोलावून खुर्ची दिली. दोन्ही तास राहिले! अध्यक्षांना खेळ इतका आवडला की तो शाळांच्या सामन्यांत उतरवायचाय. त्यासाठी चपळ अशी दहा-बारा मुलं निवडा, तास त्यांच्याच सरावाला. बाकीची त्या वेळात सरांकडे गणिताला. नावं उद्यापर्यंत द्या.

उद्या कशाला? तिथेच म्हटलं, "पहिलं नाव मावशीचं लिहा. त्यानंतर वर्गातली उरलेली सगळी. हे जमणार नसेल तर तास सरांना देऊन टाका."

त्यांनी वेळापत्रक पुढे ओढलं. मग हळूच म्हणाल्या, "दिले."

ठीक. मधली सुट्टी अजून कोणाला दिलेली नाही. गुरुवारपासून पोरांनी डबे लवकर संपवायचे आहेत.