आधी आईचा चीक

१२ फेब्रुवारी, बुधवार

चि. सौ. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, राग मानू नकोस. फोनवर माझा आवाज ऐकलास की तू फोन ठेवून देतेस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसलो. अक्षर लागलं नाही तर जावईबापूंकडून वाचून घे. आईचे गुडघे तसेच आहेत. माझी झोपही तशीच, म्हणजे नाही.

इथे तुझ्या दादाने डोक्याला ताप करून ठेवला आहे. डुकरांची शेड त्याच्या हवाली केली ती मीच, त्याबद्दल आज काही लिहीत नाही. यंदा पिल्लांना खोकला नको म्हणून गुरांच्या डॉक्टरने सगळ्या गाभण डुकरिणींना लस टोचली. आपल्या फौजदारीण डुकरिणीला धरताना माझं बोट दारात चेंगरलं, नख अजून काळं आहे. पुढे ती व्याली, ढीगभर पिल्लं झाली. शेजारच्या कप्प्यातली तिच्या बरीच आधी व्यालेली, तिच्याकडे मोजकीच. दादाने काय करावं? अंगही न सुकलेली निम्मी पिल्लं उचलली आणि शेजारणीला लावली.

मी म्हटलं, "अरे, आधी आईचा चीक तरी पिऊ दे त्यांना."

"बाबा, दूध ते दूध. सगळ्यांना सारखं आलं पाहिजे."

"रेशन वाटतोयस का?"

"तुम्ही जरा घरात बसा बघू."

बसलो घरात. आता ती उचललेली पिल्लं खोकतात, पोटं भात्यासारखी हलतात. दोन गेली. फौजदारिणीजवळ राहिलेली मात्र एकमेकांना ढुशा देत हुंदडतात. डॉक्टर दादावर उखडला, "आईला टोचलेली लस चिकातून पिल्लाच्या कामी येते. शेजारणीचा चीक केव्हाच संपला होता. मग मी आलो होतो कशाला?" तू असतीस तर... असो.

वहिनीशी तू बोलतेस, तिच्याकडूनच कळलं. दवाखान्यातल्या बाईंनी तुला डांग्या खोकल्याची लस घ्यायला सांगितली. बाळाला स्वतःची लस मिळेपर्यंत तुझ्याकडून मिळालेलं बळ पुरावं, म्हणून. आणि तू म्हणालीस, पोटात बाळ असताना सुई नको. अगं, लहानपणी डुकरिणीच्या कानामागे सुई बसेपर्यंत तिला गोंजारत कोण उभं राहायचं? "उगी, तुझ्या बाळांसाठीच आहे," असं तिला कोण सांगायचं? डुकरिणीच्या रांगेत बसवलं म्हणून चिडशील. चीड. फौजदारीण केकाटली, पण टोचून घेतलं तिने.

दिवसभर तो खोकला कानावर येतो आणि माझा जीव तुझ्याकडे धाव घेतो. आईजवळ बोलत नाही, ती लगेच पिशवी भरायला घेईल.

शेड तुला द्यायला हवी होती की नाही, यावर तू माझ्याशी हयातभर भांड. हवा तर अबोला धर. पण लस घेतलीस, एवढं एका ओळीत लवकर कळव. वहिनीला नको, मला कळव.

तुझा,
बाबा