कोटाच्या आतले तीन स्वेटर

ताई, तुला वाकून नमस्कार.

सोबतचा फोटो आईला दाखव. पोरानं अंग धरलंय म्हणेल. कोटाच्या आत तीन स्वेटर आहेत, हे तिला सांगू नकोस.

आमचा बोगदा इतक्या उंचावर आहे की हवाच पुरत नाही. दहा फावडी मारली की धापा टाकत खाली बसतो. स्वयंपाकी जीव तोडून रांधतो, पण भूकच मेलीय. घास तोंडातल्या तोंडात फिरतो. दोन महिन्यांत नऊ किलो उतरलो. करार अजून सात महिने आहे. तोवर टिकेन असं वाटत नाही.

तुझ्या ताटातलं पळवणारा मी, आता माझं ताट शेजारच्यापुढे सरकवतो. तो ते परत माझ्याकडे सरकवतो.

आईचा गुडघा कसा आहे? अजूनही ती चुकून माझं पान वाढते का? वाढलं, तर माझ्या वाटणीचं तू जेव.

तुझाच,
खादाड