जावयाची चार मिनिटं

३ फेब्रुवारी

आज पुन्हा खडाजंगी! ईरा म्हणते, "बाबा, तुमचा लॅपटॉप फार लुडबुड करतो." मी म्हटलं, तो लुडबुड करतो म्हणूनच तुझ्या क्वांटम यंत्राची अब्रू शाबूत आहे. ईराच्या आईने, सुलूने, स्वयंपाकघरातून निकाल दिला — "दोघं चुपचाप जेवायला या."

पीएचडी संपवून पोरगी घरी आली आहे, आणि बँकेच्या कंप्युटर विभागातून रिटायर झालेल्या बापाला तिने कामावर ठेवलंय. पगार नाही. भांडण मात्र रोज.

५ फेब्रुवारी

स्वतःलाच नीट कळावं म्हणून लिहितो. सिंहस्थात आमच्या नानाखेडा बसस्टँडहून नदीच्या घाटांकडे किती बसेस, कोणत्या रस्त्याने सोडायच्या — हे आमचं कोडं. क्वांटम यंत्र परदेशात; नेटवरून आपल्या वाट्याला येतात चार मिनिटं. त्याने पर्याय सुचवायचे, इथल्या लॅपटॉपने तपासून, दुरुस्त करून परत पाठवायचे, पुन्हा त्याने सुचवायचे. तिकडचा भाग ईराचा, इकडचा माझा. कोणावर किती काम टाकायचं, हीच खरी मेख. यंत्रावर फार टाकलं तर ते चुका करतं. काहीच नाही टाकलं तर त्याला बोलावलं कशाला?

सुलूने यंत्राचं नाव ठेवलंय जावई. "येणार चार मिनिटं, आणि घरभर धावपळ!"

९ फेब्रुवारी

काय उत्तर आलं आज! आजवरचं सगळ्यात चांगलं. गर्दी तीच, बसेस कमी, आणि कोणी ताटकळत नाही. ईराने मला गच्च मिठी मारली. दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदाच असेल.

मी कचोऱ्या आणल्या. येता-जाता सगळ्या माधव नगरला सांगितलं — आमचं क्वांटम चाललं! शेजारचा दिलीप म्हणाला, "काका, बधाई हो! पण मिळतं कुठे हे?" त्यालाही एक कचोरी दिली.

जर्मनीवाल्यांनी ईराला सांगून ठेवलं होतं — असा निकाल दाखव, जूनपासून संशोधनाची जागा तुझी. आता काय, जाणारच.

१० फेब्रुवारी

आनंद आहे. आहेच. सुलू विचारते, "मग मुँह लटकवून का बसलाय?"

१७ फेब्रुवारी

शिवरात्रीची गर्दी ओसरली एकदाची. जर्मनीवाल्यांसमोरचं सादरीकरण पुढे गेलं, ईरा म्हणते. बरंच झालं! तेवढीच आणखी थोडी राहील.

सकाळी चहा घेऊन दोघं टेबलाशी बसतो. जावयाचं काम अजून थोडं कमी करून बघतोय, बारीकसारीक. ती मधूनच विचारते — बाबा, ही ओळ अशी का लिहिलीत? मी अर्धा तास सांगतो. ती ऐकते. पूर्वी दोन मिनिटांत "हो, कळलं" म्हणून उठायची. परदेशी जायचं म्हटलं की मुली मऊ होत असतील.

मला हे दिवस फार आवडताहेत. कुणाला सांगायची सोय नाही म्हणून इथे लिहितो.

२४ फेब्रुवारी

ईरा बाहेर गेली होती. मी एकटाच काम लावून बसलो. बाहेर नळाच्या पाइपसाठी खोदताहेत — केबल तोडली. नेटच्या डबीवर लाल दिवा.

आणि तरी उत्तर आलं! छान, साजरं उत्तर. त्या दिवसासारखंच!

नेटच नाही, तर जावई आले कुठून?

मग ध्यानात आलं. हे माझंच काम. बँकेत लाइन गेली तरी काउंटर बंद ठेवायचा नाही, गिऱ्हाईक समोर उभं असतं — ती जुनी सवय. म्हणून मी लिहून ठेवलं होतं की यंत्राने उत्तर दिलं नाही तर लॅपटॉपनेच फासे टाकल्यासारखा कुठलाही पर्याय उचलावा आणि पुढे जावं. थांबू नये. पण तसं झालं की पडद्यावर सांगावं, एवढं लिहायचं राहिलं.

नऊ तारखेचं काम उघडून ओळ न् ओळ तपासलं. यंत्र त्या दिवशी दुरुस्तीसाठी बंद होतं. एकही पर्याय तिकडून आला नव्हता. सगळं काम या टेबलावरच्या लॅपटॉपने केलं, आणि मी क्वांटमच्या नावाने कचोऱ्या वाटल्या.

२५ फेब्रुवारी

काल सांगितलं नाही. आजही नाही.

सांगितलं तर तिचा निकाल गेला, जर्मनी गेली. म्हणजे ती इथेच राहील. हे मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली. खरं बोलतोय म्हणून सांगतोय, की पोरगी जाऊ नये म्हणून? बरं, गप्प बसावं, तर ती चुकीच्या निकालावर तिकडे जाणार. कधीतरी कोणीतरी पकडणारच, तेव्हा ती परक्या मुलुखात एकटी असेल.

सुलूला विचारलं. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, "तुम्हाला काय पाहिजे ते सोडा. तिला सांगा."

उद्या सकाळी. चहाच्या वेळी.

२६ फेब्रुवारी

सांगितलं. ईरा चहा गाळत होती. हात थांबला नाही.

"माहीत आहे, बाबा. दुसऱ्याच दिवशी कळलं मला. लगेच त्यांना खरं ते लिहून टाकलं. ती जागा केव्हाच दुसऱ्याला गेली."

मग इतके दिवस रोज माझ्याबरोबर बसून काय करत होतीस?

"बँक सुटल्यापासून तुम्हाला इतकं खूश बघितलंच नव्हतं. माझी हिंमत नाही झाली."