ओळखा, माझी साखर किती

९ मे, सकाळी साडेनऊ

साखरेची वही डॉक्टर वाचणार आहेत. तिच्यात फक्त आकडे लिहायचे, असं त्यांनी बजावलंय. मग खरं काय घडलं ते कुठे लिहायचं? म्हणून ही दुसरी वही आणावी लागली. ही कोणाला दाखवायची नाही.

खरं हे, की परवा बाजारात मी पडले नाही. सायकल स्टँडवर लावली आणि खाली बसले. त्याआधी उओझुमींच्या कापडदुकानासमोर एक बाई वाटेत उभी होती, तिला बाजूला व्हायला सांगत होते. वीस मिनिटं सांगितलं. उत्तर नाही, साधी मान हलवणं नाही. तो कपडे दाखवायचा पुतळा होता, असं दुकानदार उओझुमी म्हणतात. छपराखालच्या बाजारात उजेड कमीच असतो.

त्यांनी माझ्या मुलीला, चिझुरूला, क्योतोला फोन केला. काही गरज नव्हती. साखर ५२ होती, एवढंच. चिझुरू धावत आली आणि म्हणाली, "आई, आणखी एकदा असं झालं तर सायकलची किल्ली माझ्याकडे."

सत्तेचाळीस वर्षं ओसाकात सायकल चालवते आहे. भर पावसात, हँडलला छत्री अडकवून. किल्ली देणार नाही.

१० मे

डॉक्टर कुराहाशी माझा सातवीचा जुना विद्यार्थी. गणितात टक्केवारी कच्ची. आज तो मला आकडे समजावतो. म्हणाला, औषध घेतलं की सकाळचा भात टाळायचा नाही, साखर सत्तरच्या खाली जाऊ द्यायची नाही. हात थरथरले, घाम आला, की ग्लुकोजची गोळी ताबडतोब चघळायची. दहा दिल्या.

बाहेर शेजारच्या ओगावाबाई बसल्या होत्या. या बाई कोबी आणला तरी विचारतात, ओळखा केवढ्याला. आमच्याकडे ओसाकात सगळेच विचारतात. ज्याने स्वस्तात आणला तो जिंकला. आज मी विचारलं, ओळखा, माझी साखर किती? त्या म्हणाल्या, दीडशे. म्हटलं, एकसष्ट. चेहरा पडला. त्यांची एकशे ब्याऐंशी.

कुराहाशीने दारातून ऐकलं. "बाई, हा सेल नाही," म्हणाला.

निश्चय: भात खाणे. ग्लुकोज पर्समध्ये ठेवणे. सायकल सावकाश.

११ मे

भात खाल्ला. साखर १२४. शरम वाटली. कोणाला सांगितलं नाही.

१३ मे

भात रद्द. ६६. बरं वाटलं.

ग्लुकोज शिल्लक: शून्य. मी एकही खाल्लेली नाही. बसस्टॉपवर खोकणाऱ्या गृहस्थांना दोन, पोस्टातल्या मुलीला एक, ओगावाबाईंना तीन, बाकीच्या आठवत नाहीत. पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्या ठेवायच्या आणि भेटेल त्याच्या हातावर एक ठेवायची, हे मला आईने शिकवलं, आईला तिच्या आईने. हात पर्समध्ये जातो, मुठीत येईल ते पुढे करतो. डोळ्यांचा त्यात संबंध नसतो.

पोस्टातली मुलगी म्हणाली, खडूसारखी लागते. हल्लीच्या मुलींना फुकटचंही गोड लागत नाही.

१५ मे

कुराहाशीकडून आणखी दहा आणल्या. नर्स हसली.

घरी लाल बटवा शिवला. वर पांढऱ्या धाग्याने 'माझ्यासाठी' असं भरलं. आता चूक होणं शक्य नाही.

१६ मे

बटवा दिला. ओगावाबाई म्हणाल्या, किती सुरेख. मग तो उरलेल्या पडद्यातून फुकटात झाला, हे सांगणं भागच होतं. तेवढं सांगितल्यावर न देणं बरं दिसलं नसतं. आतल्या नऊ गोळ्याही बटव्याबरोबर गेल्या. एक माझ्या खिशात होती. पुरे.

१८ मे

नवा प्लॅन. दुकानातून बिनसाखरेच्या लिमलेट आणल्या. मधुमेह असलेल्या माणसाने हेच खायला हवं; कुराहाशीला सुचलं नव्हतं. अकराच्या सुमारास हात थरथरले. मी स्वतः सहा खाल्ल्या. कोणाला दिल्या नाहीत, हे विशेष. थरथर थांबली नाही. पोट बिघडलं. शेवटी मोसंबीचा रस प्यावा लागला.

गोळ्या सदोष असाव्यात.

२१ मे, दुपारी

औषध सात वाजता, ठरल्याप्रमाणे. भात घेतला नाही. ओगावाबाई भेटणार होत्या, आकडा चांगला हवा होता. सायकल जोरात मारली, उशीर झाला होता.

बाजारात घाम फुटला. मग रस्ता पातळ झाला. मी लगेच ओळखलं. सायकलवरून उतरले, खिशातली गोळी काढली, कागद सोडवला. सगळं नियमाने.

तेवढ्यात समोर एक बाई दिसली. अगदी फिकट. डोळे एका जागी लागलेले. विचारलं तर शब्द फुटेना. कुराहाशीने सांगितलेली लक्षणं एकूण एक. माझ्यापेक्षा तिची अवस्था वाईट होती. मी गोळी तिच्या बोटांत ठेवली आणि म्हटलं, आधी खा, मग बोलू. ती खाईना. मी वाट पाहत बसले. खालीच.

उओझुमी बाहेर आले. त्यांनी तिच्या बोटांतून गोळी काढली आणि माझ्या तोंडात घातली.

"बाई, ती बरी आहे. तिला मधुमेह नाही."

गोळी खडूसारखीच लागते. ओगावाबाई लाल बटवा घेऊन धावत आल्या, त्यातली आणखी एक दिली. माझ्या पर्समधलं साखर मोजायचं यंत्र काढून माझं बोट त्यांनीच टोचलं. ४९. आजवरचा सर्वांत कमी. कोणाला ओळखायला सांगितलं नाही.

पंधरा मिनिटांनी रस्ता जागेवर आला. बाई तीच होती. ब्लाऊज नवा, फुलाफुलांचा.

२२ मे

चिझुरू पहिल्या गाडीने आली. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. तिचा चेहरा त्या पुतळ्याहून फिकट होता. तिने विचारलं, "आई, तू सायकलवर असतानाच झालं असतं तर?"

मी उत्तर दिलं नाही. मानही हलवली नाही. बराच वेळ.

मग वाडगाभर भात खाल्ला. तिच्यासमोर.

आज हवाली केलेल्या वस्तू:

ग्लुकोजच्या गोळ्या, पाच, ओगावाबाईंच्या बटव्यातून परत घेतलेल्या: उओझुमींना, दुकानात ठेवायला. मी मागितल्या तर मलाच द्याव्यात, दुसऱ्या कोणाच्या हातात ठेवू नयेत.

सायकलची किल्ली, एक: चिझुरूला.

छत्री अडकवायचा क्लॅम्प, एक: तिलाच. किल्लीशिवाय त्याचा उपयोग नाही.

लिमलेटची गोळी, एक: तिलाच, किल्लीबरोबर. किल्ली घेताना ती रडत होती, हात आपोआप गेला. तिने तोंडात टाकली आणि रडायची थांबली. बिनसाखरेची होती.