गाभाऱ्याचा उतार

१४ एप्रिल १९५३, मंगळवार

हे देऊळ इथे आहे आणि मला आजवर कुणी सांगितलं नाही! लहानाची मोठी बारामतीत झाले, पाच वर्षं मुंबईला वास्तुशास्त्र शिकतेय, कुठली कुठली देवळं पुस्तकातून पाठ केली — आणि अंथुर्ण्याच्या पुढच्या वाडीत, ओढ्याकाठी हे उभं! काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय.

काळा दगड. मध्ये चुना नाही, माती नाही, काही नाही. दगडावर दगड नुसता बसवलाय. सांध्यात नख शिरतं का बघितलं — नख मोडलं. मंडपाचं छत म्हणजे चौकोनावर तिरका चौकोन, त्यावर पुन्हा तिरका, प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान, आणि शेवटी मधोमध एक दगडी कमळ. सातशे वर्षं ते तिथे वर आहे आणि खाली बायका खुशाल वाती वळत बसतात. मी उताणी पडून बघत राहिले. मला रडू येत होतं, खरंच.

मी त्यांचीच लेक, पण आप्पांना काही नाही. ते ओव्हरसियर, दुष्काळी कामातला रस्ता त्यांच्याकडे. ते आले होते दगड मोजायला! ओढ्यावर मोरी बांधायची आहे, खाण लांब, तेव्हा या ‘पडीक इमारतीचा’ घडीव दगड घेता येईल का, असं ऑफिसनं विचारलंय. ‘तुला परीक्षेसाठी जुन्या इमारतीची मोजणी हवी होती ना? घे मोजून. पुढल्या महिन्यात असेल-नसेल.’ बाजारातल्या वांग्यांबद्दल बोलावं तसं बोलले.

१५ एप्रिल

वाडीत पाटलांकडे राहते. कुंडलिक गुरव टेपचं दुसरं टोक धरतात. देवळाची पूजा त्यांच्या घराण्याकडे. साठीचे आहेत, पण माझ्याआधी शिडी चढतात.

गाभाऱ्याच्या दाराशी एक दगड आडवा पडलाय — एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला निमुळता. बसायला बरा. बसले तर लगेच, ‘ताई, त्या दगडावर बसू नगा.’

का, तर ‘न्हाय बसत कुनी.’ बाईमाणसानं बसू नये, एवढाच अर्थ असणार! मी बसले. आठवडाभर बसणार आहे.

१७ एप्रिल, शुक्रवार

आज गाभारा. कंदील, वटवाघळं, घाम. पण एक मोठी गोष्ट सापडली!

फरशी मंडपापेक्षा हातभर खाली आहे. तसं पुष्कळ शिवालयांत असतं, पण मग पायऱ्या असतात. इथे एकही नाही. उंबरा उंच, आणि पलीकडे एकदम खड्डा. शिवाय पाणसळ लावली तर फरशीला उत्तरेकडे चक्क दोन इंच उतार. म्हणजे पाया त्या बाजूला खचलाय. आमचे सर म्हणतात, दगड खोटं बोलत नाही. आज तो माझ्याशी बोलला.

संध्याकाळी आप्पा आले. त्यांना चिठ्ठी लिहून दिली — ‘गाभाऱ्याचा पाया उत्तरेस खचला आहे.’ त्यांनी दोनदा वाचली.

‘नक्की?’

‘माझी मोजणी आहे, आप्पा.’

चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

२० एप्रिल

आप्पांचा रिपोर्ट गेला. ‘पाया खचलेला, इमारत धोक्याची, उतरवण्यास हरकत नाही.’

२५ एप्रिल

खांब कागदावर काढतेय. खाली चौकोनी, मग अष्टकोनी, मग गोल, पुन्हा चौकोनी — आणि एकातून दुसरा केव्हा झाला ते बोट फिरवलं तरी कळत नाही! सोळा खांब. दोरी लावून पाहिले, एका रांगेतले सगळे एका रेषेत. हे कुणी केलं? त्यांना कोण शिकवायला होतं? कुठली परीक्षा होती?

मी खोटं तर लिहिलं नाही. खचलेलं ते खचलेलं. मग एवढं का टोचतंय?

३० एप्रिल, गुरुवार

हुकूम आला. सोमवारी गाड्या लागणार. गाडीवान याच वाडीचे.

कुंडलिकमामांना मीच सांगितलं. ते टेप गुंडाळत होते. गुंडाळून झाल्यावर म्हणाले, ‘आन द्येव कुठं ठिवायचा?’

ठमाबाई ही वाडीतली सगळ्यांत जाणती बाई, तिच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. ती पायरीवर बसली होती. ‘सनवारी पाट सुटतुया. आदी द्येव पाण्यात बशीवू, मग काय त्ये बगू.’ पाऊस नसला की महादेवाची पिंड बुडेपर्यंत गाभारा पाण्यानं भरायचा, ही इथली रीत. मी मनात म्हटलं, खचलेल्या फरशीवर पाणी! घटकाभरात जमिनीत जाईल. प्यायला मिळत नाही आणि हे ओतणार.

२ मे, शनिवार

आजच लिहायला हवं.

सकाळीच कुंडलिकमामा देवळाच्या उत्तरेला गेले. तिथे गोवऱ्यांचा ढीग आणि कमरेएवढा गाळ. मी तिकडे कधी फिरकलेच नव्हते. त्यांनी खणलं — आतून गायीचं तोंड निघालं! दगडी गोमुख, देवाच्या अंघोळीचं पाणी बाहेर जायला. मग आत गाभाऱ्यात उत्तरेच्या भिंतीशी खरवडलं, तर गाळानं बुजलेलं भोक. बरोबर उताराच्या टोकाला.

फरशी खचलेली नव्हतीच. पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम दोन इंच उतार दिलेला! आपल्या न्हाणीघराला देतात तसा. घरी रोज त्यावर उभी राहून अंघोळ करते मी.

मग त्यांनी ‘तो’ दगड उचलला. माझी बैठक. निमुळत्या टोकाला कापड गुंडाळलं, शाडू लिंपला आणि भोकात दाबला. असा बसला की जणू तिथेच वाढलाय.

‘माज्या बानं एकदा बशीवला व्हता,’ म्हणाले. ‘तवाधरनं कुनाला बसू दिल्यालं न्हाय. कड उडाली तर पानी ऱ्हायाचं न्हाय.’

पंधरा दिवस मी कशावर बसत होते! आणि काय काय मनात म्हणत होते त्यांना!

पाट अर्ध्या मैलावर. सगळी वाडी रांगेनं उभी राहिली, घागर हातातून हातात. ठमाबाईनं मला ओढलं, ‘मोजत काय बसलीस पोरी, धर.’ धरली. दुपारपर्यंत खांदे गेले. उंच उंबरा का, तेही कळलं — तो हौदाचा काठ. पाणी चढत गेलं, पिंड बुडाली, वर एक बेलाचं पान तरंगत राहिलं. मीसुद्धा हात जोडले, आणि ते नुसते देवाला नव्हते.

पाण्याच्या कडेला पेन्सिलीनं भिंतीवर रेघ मारून ठेवली.

३ मे

रेघेपासून पाणी एक सूतसुद्धा हललं नाही. बाहेर भिंतींना हात लावत फिरले. सगळ्या कोरड्या! चुना नाही, सिमेंट नाही, सातशे पावसाळे गेलेत — आणि सांधे पाणी धरून बसलेत. फरशी खचली असती तर सांधे उघडले असते, हे पहिल्या वर्षाचं पोर सांगेल. ते न उघडलेले सांधे मी स्वतःच्या हातानं काढलेत, माझ्या कागदावर आहेत!

माझ्या एका चिठ्ठीनं हे उद्या उतरवणार.

४ मे, सोमवार

गाड्या आल्या नाहीत. ‘द्येव पान्यात हाय तंवर दगूड हलवायचा न्हाय,’ गाडीवानांनी आप्पांना तोंडावर सांगितलं. आप्पा चिडून आले. मी वाटेतच सगळं सांगून टाकलं. म्हटलं, ऑफिसला लिहा, चूक मुलीची आहे, सुधाची. मी सही करते.

त्यांनी चपला काढल्या, कंदील घेऊन उंबऱ्याशी वाकले. रेघ पाहिली. बाहेर जाऊन भिंतीला तळवा लावला. पुन्हा आत. असे तीन वेळा! मग पायरीवर बसले.

‘सुधा, मी आयुष्यात एक टाकी बांधली. सिमेंटची. सहा महिन्यांत पाझरली.’

ते भिंतीकडेच पाहत होते. आप्पांचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. मोरीपलीकडे त्यांना काही दिसत नाही, असं मी मुंबईला मैत्रिणींना सांगत आलेय.

‘पण रिपोर्टाचं?’

‘ते मी बघतो.’

६ मे

बारामतीला परत. आप्पा दोन दिवस लिहितायत, मला दाखवत नाहीत. आई काळजीत. आप्पांच्या पेन्शनला दोन वर्षं राहिलीत, किती मागून ही घरच्या गावची बदली मिळालेली. परसात डाळिंबं लावलीत, अंघोळीचं पाणी स्वतः वाहून घालतात. ‘आता कशाला पहिलंच लिहिलेलं खोडताय?’ म्हणत होती.

मी गाभाऱ्याचा उभा छेद कागदावर नव्यानं काढला. गोमुख, भोक, आणि तो दगड — त्याच्या जागी.

१८ मे, सोमवार

ऑफिसचं उत्तर आलं. मोरीला खाणीचा दगड मंजूर. देऊळ राहणार!

खाली आणखी दोन ओळी. आप्पांना ताकीद, आणि बदली नंदुरबारला. मी टेबलावरची त्यांच्या नव्या रिपोर्टाची प्रत उघडली. माझी चिठ्ठी नाही, नाव नाही. त्यांच्या अक्षरात एवढंच — ‘गाभाऱ्याची मोजणी मी स्वतः केली होती. चूक माझी.’

ते परसात डाळिंबांना पाणी घालतायत.

मोजणी माझी होती.